फिलिप सीमोर हॉफमन : ओशाळलेल्या माणसांचा नट

तिसरीघंटा

(धाग्यात आणि प्रतिसादांत काही सिनेमांचे शेवट येतील. ज्यांना आधी पाहायचे आहेत त्यांनी जपून वाचा.)

गेल्या आठवड्यात 'बूगी नाइट्स' कितव्यांदा तरी पाहिला आणि पुन्हा त्याच प्रसंगापाशी अडकलो. १९७९ संपून १९८० उजाडतंय, घरात पार्टी रंगलीय. स्कॉटी नावाचा एक पोरगा (अमेरिकन नट फिलिप सीमोर हॉफमन), शूटिंगच्या वेळी माइकचा दांडा धरणारा, सिनेमाचा हीरो डर्कला बाहेर बोलावून आपली नवी लाल गाडी दाखवतो. गाडी डर्कच्या गाडीवर बेतलेली. स्कॉटीच्या अंगात दोन मापं लहान शर्ट, पोट खालून डोकावतंय. बोलता बोलता तो डर्कचं चुंबन घ्यायला जातो. डर्क मागे सरकतो. मग स्कॉटीची जी तारांबळ उडते ती बघवत नाही. चढलीय मला, माफ कर, गाडी तुला आवडली नसती तर परत करणार होतो, असं काहीबाही तो बोलत सुटतो. डर्क आत जातो आणि स्कॉटी त्या नव्या कोऱ्या गाडीत बसून स्वतःला शिव्या घालत रडत राहतो. एकच शिवी, परत परत.

दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन तो शॉट लवकर तोडत नाही. आपल्याला वाटतं, पुरे आता, या माणसाला एकटं सोडा. तो सोडत नाही.

त्या रात्री मला हॉफमनबद्दल एक गोष्ट लख्ख कळली, ती मांडण्यासाठीच हा धागा. त्याच्या अष्टपैलूपणाबद्दल लिहिताना लोक भूमिकांची यादी देतात: परिचारक, पाद्री, जुगारी, हेर, लेखक, पंथाचा गुरू. यादी खरी आहे. पण या सगळ्यांना बांधणारा एक धागा आहे. आपल्याकडे त्याला फार नेमका शब्द आहे, ओशाळणं. रागावणं, रडणं, प्रेम करणं हे पडद्यावर पुष्कळ जण करतात. माणूस ओशाळतो तेव्हा त्याच्या मानेचं, हातांचं, श्वासाचं काय होतं हे हॉफमनइतकं कुणी दाखवलेलं मला माहीत नाही.

जन्म २३ जुलै १९६७, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरजवळच्या फेअरपोर्ट गावी. वडील झेरॉक्स कंपनीत. आई मेरिलिन ओ'कॉनर वकील आणि पुढे कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश. तो नऊ वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले आणि चार मुलं आईने वाढवली. शाळेत तो कुस्ती खेळायचा. मानेला दुखापत झाली, कुस्ती सुटली आणि नाटक हाती लागलं. त्याआधी बाराव्या वर्षी त्याने आर्थर मिलरचं 'ऑल माय सन्स' पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. २००६ साली ऑस्कर हातात घेऊन उभा असताना त्याने आईचे आभार मानले ते दोन गोष्टींसाठी: चार मुलांना एकटीने वाढवल्याबद्दल आणि पहिलं नाटक दाखवल्याबद्दल.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूलमधून तो १९८९ मध्ये बाहेर पडला. दारू आणि अमली पदार्थांच्या विळख्यातून सुटण्यासाठी बावीसाव्या वर्षीच उपचार घेतले आणि पुढची वीसहून जास्त वर्षं तो त्यापासून दूर राहिला. ज्या काळात त्याने हे सगळं काम केलं तो हाच काळ, म्हणून मुद्दाम सांगतोय.

१९९२ चा 'सेंट ऑफ अ वुमन' तुमच्यापैकी बहुतेकांनी अल पचिनोसाठी पाहिला असेल. त्यातला श्रीमंत घरचा विद्यार्थी जॉर्ज विलिस ज्युनियर म्हणजे हॉफमन. श्रेयनामावलीत तेव्हा 'फिलिप एस. हॉफमन' असं नाव आहे. याच नावाचा दुसरा एक नट असल्यामुळे त्याने आजोबांचं 'सीमोर' हे नाव पुढे पूर्ण लावायला सुरुवात केली. शेवटच्या सुनावणीच्या प्रसंगात जॉर्ज वडिलांच्या शेजारी बसलाय. मित्राला वाचवायची हिंमत नाही आणि उघड दगा द्यायचीही नाही. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स नव्हत्या, नीट दिसलं नाही, अशी सबब तो पुढे करतो. भाषणाच्या टाळ्या पचिनोला पडतात. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा त्या भाषणादरम्यान जॉर्जकडे लक्ष ठेवा.

हा सिनेमा पाहूनच अँडरसनला तो हवासा वाटला. 'हार्ड एट'मध्ये (१९९६) त्याला जेमतेम एक प्रसंग आहे, कसिनोत फाशांच्या टेबलावर एका म्हाताऱ्या जुगाऱ्याला डिवचणारा आगाऊ पोरगा. त्याच वर्षी 'ट्विस्टर'मध्ये वादळांचा पाठलाग करणाऱ्या टोळीतला बडबड्या डस्टी. मग 'बूगी नाइट्स', 'द बिग लेबाउस्की'तला अतिनम्र सेक्रेटरी ब्रँट, 'हॅपिनेस'मधला अ‍ॅलन. शेजारणीवर मनातून झुरणारा, अनोळखी बायकांना फोन करून घाणेरडं बोलणारा एकाकी माणूस. 'हॅपिनेस' कुणालाही बिनधास्त सुचवावा असा सिनेमा नाही. पण अ‍ॅलन मानसोपचारतज्ज्ञासमोर बसून आपण किती कंटाळवाणे आहोत हे सांगत असतो आणि समोरचा मनातल्या मनात दुसऱ्याच कामांची यादी करत असतो, तो प्रसंग मी विसरू शकलेलो नाही. अशा माणसाची किळस यायला हवी. येतेही. पण त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे हेही दिसत राहतं.

आणि 'मॅग्नोलिया'तला फिल पार्मा. मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्याची घरी येऊन शुश्रूषा करणारा परिचारक. म्हाताऱ्याला दुरावलेल्या मुलाला भेटायचंय. मुलगा बायकांना गटवण्याचे वर्ग घेतो, त्याची जाहिरात पुरुषांसाठी निघणाऱ्या नग्न चित्रांच्या मासिकांत सापडेल म्हणून फिल दुकानात फोन करून सामान मागवतो: पीनट बटर, सिगारेटी, पाव, आणि मग आवाज खाली आणून तीन मासिकांची नावं. पलीकडच्या माणसाला हा गिऱ्हाईक कसा वाटत असेल हे फिलला माहीत आहे. तरी तो फोन ठेवत नाही. दुसऱ्यासाठी ओशाळं होण्याची तयारी, हाच त्या माणसाचा चांगुलपणा.

'कपोटी'बद्दल स्वतंत्र लिहावं लागेल, इथे एकच. १९८४ च्या उन्हाळ्यात साराटोगा स्प्रिंग्जच्या नाट्यशिबिरात सतरा वर्षांच्या हॉफमनची दोन मुलांशी मैत्री झाली, बेनेट मिलर आणि डॅन फटरमन. वीस वर्षांनी फटरमनने पटकथा लिहिली, मिलरने दिग्दर्शन केलं आणि हॉफमन लेखक ट्रुमन कपोटी झाला. कपोटी बुटका आणि नाजूक बांध्याचा, हॉफमन चांगला उंच आणि भरलेला. तरी पाहताना शंका येत नाही. चार जणांच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या पेरी स्मिथशी तो मैत्री करतो, ती मैत्री खरी असते, आणि तरीही पुस्तक पुरं व्हावं म्हणून फाशी लवकर व्हावी असंही त्याला वाटत असतं. शेवटच्या भेटीत कैद्यांसमोर तो रडतो तेव्हा ते दुःख किती आणि स्वतःची लाज किती, हे वेगळं काढता येत नाही.

तुमच्या आठवणीतला हॉफमन कोणता, लिहा.


काळीकॉफी

धागा मनापासून आवडला, पण मुद्दा पूर्ण पटला नाही. 'द टॅलेंटेड मिस्टर रिपली'मधल्या फ्रेडी माइल्सचं काय करणार? त्या माणसाला ओशाळणं ठाऊकच नाही. श्रीमंत डिकीला मारून त्याचंच सोंग घेतलेल्या रिपलीच्या रोममधल्या घरात शिरल्यावर तो सोफ्यावर काय बसतो, वस्तूंना बोटं काय लावतो, पियानोची पट्टी काय बडवतो! तीन-चार मिनिटांत त्याला कळतं की हे घर डिकीचं नाही, इथे काहीतरी काळंबेरं आहे. हॉफमन ते संवादांतून कमी आणि त्या घरात कसा फिरतो यातून जास्त सांगतो. मला त्या प्रसंगात खुन्यापेक्षा फ्रेडीची भीती वाटते.

'मिशन इम्पॉसिबल ३'मधला डेव्हियनही तसाच. विमानात खुर्चीला बांधलेला असताना तो टॉम क्रूझला विचारतो की तुला बायको आहे का, मैत्रीण आहे का. आवाज अजिबात चढवत नाही. बँकेतला कर्मचारी अर्जातली माहिती विचारतो तसं विचारतो. त्या मालिकेत नंतर बरेच खलनायक आले, त्याच्या तोडीचा मला एकही वाटला नाही.


तिसरीघंटा

काळीकॉफी, फ्रेडी मी विसरलो नव्हतो, टाळला होता. तुम्ही पकडलंत.

पण बघा, फ्रेडी घरात शिरतो आणि ओशाळतो कोण? रिपली. बोटीवर रिपली चोरून बघत असतो तेव्हा त्याला हटकणारा फ्रेडीच. आपल्या श्रीमंतीत वाढलेल्या माणसाला समोरच्याचं उसनं सोंग एका नजरेत ओळखता येतं आणि तो त्यावर बोट ठेवतो. म्हणजे ओशाळण्याचं तंत्र हॉफमनला दोन्ही बाजूंनी येत होतं. कुठे दाबलं की समोरचा लाजेने मरेल हे स्कॉटी जगलेल्या नटालाच कळणार, असं मला वाटतं.

'मिशन'मधली माझी आवडती जागा वेगळी आहे. व्हॅटिकनमध्ये ईथन हंट डेव्हियनचा मुखवटा चढवतो. म्हणजे पडद्यावर दिसतो हॉफमन, पण माणूस आहे टॉम क्रूझ. त्या थोड्या वेळात त्याची पाठ ताठ होते, नजर चपळ होते, पावलं हलकी पडतात. कथेच्या ओघात ते लक्षातही येत नाही.


रानवाट

+१. वाचनखूण साठवली.


विंगेतला

सगळे सिनेमावर बोलताय म्हणून नाटकाबद्दल लिहितो, कारण तो आधी नाटकवाला होता आणि अखेरपर्यंत राहिला.

२००० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर सॅम शेपर्डचं 'ट्रू वेस्ट' झालं. दोन भाऊ, एक पटकथा लिहिणारा सभ्य आणि दुसरा भुरटा चोर. हॉफमन आणि जॉन सी. रायली या दोन मित्रांनी ते केलं, आणि दोघं भूमिका आलटून पालटून करायचे. काही प्रयोगांत हा चोर, काही प्रयोगांत तो. दोघांनाही टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं. मी हौशी नाटकं करतो. एका भूमिकेचे संवाद पाठ झाल्यावर समोरच्याची भूमिका घ्यायची म्हणजे आधीचं सगळं अंगातून उतरवावं लागतं, कारण काल तुम्ही ज्या वाक्यावर हल्ला केलात ते आज तुम्हाला झेलायचं असतं. नाटकाची कथाही हीच आहे, दोन भाऊ हळूहळू एकमेकांसारखे होत जातात.

दुसरी गोष्ट लॅबिरिन्थ थिएटर कंपनीची. १९९५ पासून तो या न्यूयॉर्कच्या छोट्या नाटक मंडळीत होता, पुढे जॉन ऑर्टिझबरोबर तिचा कलात्मक दिग्दर्शक झाला. स्टीव्हन अ‍ॅडली गिर्गिसची 'जीझस हॉप्ड द ए ट्रेन' आणि 'द लास्ट डेज ऑफ जुडास इस्कॅरियट' ही नाटकं त्याने बसवली. हातात हवे तेवढे सिनेमे असताना दुसऱ्याच्या नव्या, अजून कच्च्या संहितेला वेळ द्यायचा आणि स्वतः रंगमंचावर दिसायचंही नाही, हे फार थोडे नट करतात.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात भिडते. तुम्ही 'मॅग्नोलिया'तल्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं नाहीत. तो जेसन रोबार्ड्स, त्याचा हा शेवटचा सिनेमा. यूजीन ओ'नीलचं 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' १९५६ मध्ये पहिल्यांदा ब्रॉडवेवर आलं तेव्हा थोरल्या मुलाची, दारुड्या जेमीची भूमिका याच रोबार्ड्सने गाजवली होती. २००३ मध्ये ते नाटक पुन्हा ब्रॉडवेवर झालं तेव्हा जेमी कोण होता? हॉफमन. 'मॅग्नोलिया'त तो ज्याच्या उशाशी बसून ओठांना पाणी लावत होता, चार वर्षांनी त्याचीच भूमिका करत होता. दोन पिढ्यांतले नट असे एका खोलीत, एका पलंगापाशी भेटलेले पाहायला मिळणं हे प्रेक्षक म्हणून आपलं भाग्य.


तिसरीघंटा

विंगेतला, ही जोड माझ्या ध्यानातच आली नव्हती. 'मॅग्नोलिया' आज रात्री पुन्हा लावणार.


फडताळ

थोडा वेगळा सूर लावतो. हॉफमन मोठा नट होता हे मान्य. पण त्याला 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर' म्हणायचं का? हिंदीवरून आपण 'चरित्र अभिनेता' म्हणतो आणि तो शब्द ऐकला की डोळ्यांसमोर नायकाचा बाप किंवा गावचा पाटील येतो. ज्याला 'कपोटी'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, वर तीन वेळा सहायक अभिनेत्याचं नामांकन, ज्याच्या नावावर सिनेमे उभे राहिले, तो नायकच झाला की.

शिवाय मला त्याचं आरडाओरड्याचं काम कधीकधी जास्त वाटतं. 'चार्ली विल्सन्स वॉर'मध्ये सीआयएवाल्या गस्टचा पहिलाच प्रसंग साहेबाच्या ऑफिसात काच फोडण्याचा आहे. लोक त्यावर खूश असतात. मला 'मनीबॉल'मधला त्याचा बेसबॉल प्रशिक्षक आर्ट हाउ जास्त आवडतो. पोट पुढे, हाताची घडी, कराराचं नूतनीकरण होत नाही म्हणून आतून धुमसणारा. जवळपास काहीच करत नाही आणि ब्रॅड पिटला प्रत्येक प्रसंगात अडवून धरतो. खऱ्या आर्ट हाउने मात्र आपल्याला असं दाखवल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती, हेही नोंदवायला हवं. जिवंत माणसाची भूमिका करताना हा अन्याय होऊ शकतो.

'कपोटी'बद्दलही: पुढच्याच वर्षी त्याच घटनेवर 'इन्फेमस' आला. त्यातला टोबी जोन्स दिसायला खऱ्या कपोटीच्या कितीतरी जवळ आहे. दोन्ही पाहून तुलना करावी. टोबी जोन्सचं काम त्या ऑस्करच्या सावलीत झाकलं गेलं याचं मला वाईट वाटतं.


तिसरीघंटा

फडताळ, टोबी जोन्सबद्दल शंभर टक्के सहमत.

शब्दाबद्दल: मला फरक भूमिकेच्या लांबीत दिसत नाही. नायक-नट भूमिकेला आपल्याकडे ओढून आणतो, लोक त्याला बघायला येतात. कॅरेक्टर अ‍ॅक्टर आपण भूमिकेकडे चालत जातो. 'कपोटी'त हॉफमन जवळपास प्रत्येक दृश्यात आहे, तरी तो चालत गेलाय. आणि ऑस्करनंतर त्याने काय केलं ते पाहा. २००७ या एका वर्षात तीन सिनेमे. सिडनी ल्युमेट या ८३ वर्षांच्या दिग्दर्शकाचा शेवटचा 'बिफोर द डेव्हिल नोज यू आर डेड', टमारा जेन्किन्सचा 'द सॅव्हेजेस' आणि तुमचा तो 'चार्ली विल्सन्स वॉर'. पहिल्यात आईवडिलांच्याच दुकानावर दरोडा घालायची योजना आखणारा मुलगा, दुसऱ्यात प्राध्यापक, तिसऱ्यात हेर.

आरडाओरड्याला उत्तर म्हणून ल्युमेटच्या सिनेमातला एक प्रसंग. बायको सोडून गेलीय. अँडी घरात एकटा आहे. आता हा आदळआपट करणार असं वाटतं. तो करतोही, पण अगदी सावकाश. पलंगावरचं पांघरूण ओढून काढतो, आणि शोभेच्या गोट्यांचं भांडं काचेच्या टेबलावर हळूहळू तिरपं करतो. गोट्या एकेक करून घरंगळतात. एवढा शांत संताप मी दुसरीकडे पाहिलेला नाही.


सांजवारा

मी इथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण 'द सॅव्हेजेस'चं नाव निघालं म्हणून लिहितेय.

त्यात बहीण-भाऊ आहेत, लॉरा लिनी आणि हॉफमन. वडिलांना स्मृतिभ्रंश झालाय. वडील फार प्रेमळ कधी नव्हतेच, आणि आता या दोघांना त्यांच्यासाठी वृद्धाश्रम शोधायचाय. बहिणीला सुंदर बाग असलेली, महागडी जागा हवी असते. भाऊ बफेलोतली साधी जागा बघून मोकळा होतो. एकदा त्या महागड्या संस्थेच्या पार्किंगमध्ये तो तिच्यावर ओरडतो, की ही बाग, ही झाडं आतल्या माणसांसाठी नाहीतच, तुझ्यासारख्या नातेवाइकांना अपराधी वाटू नये म्हणून आहेत. आत माणसं मरतायत.

माझे बाबा शेवटची दीड वर्षं अशाच एका ठिकाणी होते. मी परदेशात, दादा पुण्यात. जागा दादाने निवडली आणि मी फोनवरून त्याच्याशी भांडले, की खोलीला खिडकी लहान आहे, बाहेर झाड नाही. दादा गप्प राहायचा. मला तो कोरडा वाटायचा. बाबा गेल्यानंतर वर्षभराने हा सिनेमा पाहिला. हॉफमनला टेनिस खेळताना मानेची दुखापत होते, मग तो घरात दाराला लटकवलेल्या पट्ट्यात मान अडकवून बसलेला असतो. दिसायला गमतीशीर आहे, आणि तसाच बसून तो वडिलांच्या व्यवस्थेबद्दल बोलत असतो. तेव्हा मला दादा दिसला. रोजचं सगळं तो करत होता म्हणून त्याच्याकडे रडायला वेळ नव्हता. मी त्या रात्री दादाला फोन केला.

तिसरीघंटा, तुमच्या ओशाळण्याच्या मुद्द्यात एक भर घालावीशी वाटते. काही माणसं ओशाळलेली दिसू नयेत म्हणून रुक्ष होतात. तो भाऊ तसा आहे.


तिसरीघंटा

सांजवारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहिलंत, बरं केलंत.


ऑन्टारिओकाठी

मी नोकरीनिमित्त रोचेस्टरमध्ये राहतो, फेअरपोर्ट इथून गाडीने वीस मिनिटांवर. ईरी कालव्याच्या काठचं टुमदार गाव, कालव्यावर उचलला जाणारा पूल. हिवाळ्यात ऑन्टारिओ सरोवराकडून येणारा बर्फ इतका पडतो की शाळकरी मुलांना घरात किंवा व्यायामशाळेत कोंडून घ्यावं लागतं. इथल्या शाळांत कुस्तीला एवढं महत्त्व का, हे एक हिवाळा काढल्यावर कळतं. शहरातल्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयाच्या आवारात २०२२ मध्ये हॉफमनचा पुतळा बसवला. मी बरेचदा तिथून जातो.

पण सांगायचंय ते २०१२ चं. 'डेथ ऑफ अ सेल्समन' बघायला आम्ही दोघं सहा तास गाडी चालवून न्यूयॉर्कला गेलो होतो. दिग्दर्शन माइक निकल्सचं. १९४९ च्या मूळ प्रयोगाचं नेपथ्य आणि संगीत त्यांनी पुन्हा वापरलं होतं, त्यामुळे नाटकातल्या फिरत्या विक्रेत्याचं, विली लोमनचं, ते नुसत्या सांगाड्याचं घर, मागे उंच इमारती, जुन्या फोटोंत पाहिलेलं तसंच समोर होतं. आमची तिकिटं पार वरची, चेहरा नीट दिसत नव्हता. दिसत होती ती पाठ. नमुन्यांच्या दोन पेट्या घेऊन विली झालेला हॉफमन घरात शिरतो आणि त्या खाली ठेवतो, एवढंच. पेट्या ठेवल्यावरही खांदे वर आले नाहीत.

तेव्हा तो ४४ वर्षांचा होता आणि विली साठीच्या पुढचा. काही समीक्षकांनी वय कमी असल्याचं लिहिलं होतं. पण १९४९ मध्ये ली जे. कॉबने ही भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा तो तर ३७ वर्षांचाच होता. थोरला मुलगा बिफ झालेल्या अँड्र्यू गारफिल्डला मिठी मारतो तो प्रसंग संपल्यावर आमच्या रांगेत कुणी हललं नाही. माझी बायको परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलली नाही.

बाराव्या वर्षी मिलरचं नाटक बघून बदललेला मुलगा मिलरचाच विली करून रंगभूमीवरून गेला. त्यानंतर त्याने ब्रॉडवेवर काम केलं नाही.


निळीशाई

२ फेब्रुवारी २०१४. मॅनहॅटनच्या घरी तो मृतावस्थेत सापडला. वय ४६. हेरॉइन आणि इतर अमली पदार्थांच्या मिश्रणाने मृत्यू. तीन लहान मुलं. त्या आठवड्यात ब्रॉडवेच्या नाट्यगृहांनी दर्शनी दिवे एक मिनिट मंद केले.

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एक विनंती. 'वेदनेशिवाय कला नाही', 'अशी माणसं अशीच जातात' असं या धाग्यावर कुणी लिहू नका. अजून कुणी लिहिलेलं नाही, त्याबद्दल आभार. तिसरीघंटा यांनी सुरुवातीला लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे: त्याचं थोर काम व्यसनमुक्त असताना झालं. वीस वर्षांच्या संयमानंतरही हा आजार उलटू शकतो, आणि उलटतो तेव्हा शरीराची जुनी सवय गेलेली असते, म्हणून धोका जास्त असतो. आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी हेच सांगते. दहा वर्षं झाली, आता काय होतंय, असं समजू नका. आणि पुन्हा घसरलेल्या माणसाला लाजवू नका. लाजेपोटी माणूस मदत मागत नाही.


काळीकॉफी

निळीशाई, धन्यवाद. हे इथे यायला हवं होतं.

त्याच्या मुलाबद्दल: कूपर हॉफमन. २०२१ च्या 'लिकरिश पिझ्झा'त तो पहिल्यांदा पडद्यावर आला, आणि दिग्दर्शक पुन्हा पॉल थॉमस अँडरसनच. बापाने त्याच्याकडे पाच सिनेमे केले होते. कूपर हसतो तेव्हा गाल जसे वर जातात ते पाहून मला थिएटरमध्ये भरून आलं होतं.


फडताळ

अँडरसनचा विषय निघालाय आणि 'द मास्टर'वर (२०१२) अजून कुणीच लिहिलं नाही? मी वर कुरकुर केली असली तरी ही भूमिका माझ्या मते त्याची सर्वांत मोठी. दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका, लँकेस्टर डॉड नावाचा पंथगुरू आणि त्याला सापडलेला मोडका खलाशी, हाकीन फीनिक्स. डॉड त्याला प्रश्न विचारतो आणि अट घालतो की पापणी हलवायची नाही. हलली की पुन्हा पहिल्यापासून. फीनिक्सचा चेहरा सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण हॉफमनचा आवाज ऐका. गोड, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक दोघांना विभागून दिलं, ते योग्यच.

आणि तिसरीघंटा, तुमचा मुद्दा इथे मला मान्य करावा लागतो. डॉडचं नवं पुस्तक येतं. लॉरा डर्नने केलेली भक्त भाबडेपणाने विचारते, की आधी तुम्ही 'आठवा' म्हणत होता, आता 'कल्पना करा' असं का लिहिलंय? एका शब्दात त्याचं सगळं बिंग फुटतं. क्षणभर तो सारवासारव करतो आणि मग तिच्यावर खेकसतो. तो जो मधला क्षण आहे ना, सारवासारव आणि खेकसणं यांच्यातला, त्यात तुमचं ओशाळणं आहे.


तिसरीघंटा

हेच! मी तो प्रसंग शोधत होतो आणि तुम्ही मांडलात.


रानवाट

मी यातले फक्त 'हंगर गेम्स' पाहिलेत, त्यातला प्लुटार्क म्हणूनच मला तो माहीत. शेवटच्या भागात त्याचं पत्र हेमिच वाचून दाखवतो, तेव्हा तो गेल्याचं मला माहीत नव्हतं. ते दृश्य मुळात त्याच्यावरच चित्रित व्हायचं होतं हे नंतर वाचलं. कुठून सुरुवात करू?


विंगेतला

रानवाट, 'ऑलमोस्ट फेमस'पासून कर. रॉक संगीताचा समीक्षक लेस्टर बँग्स म्हणून तो थोडाच वेळ आहे, चार दिवसांचं काम, आणि तेही फ्लूने आजारी असताना केलेलं. रात्री उशिरा एक घाबरलेला पोरगा त्याला फोन करतो आणि बँग्स त्याला सांगतो की आपण दोघं रुबाबदार लोकांतले नाही, आणि ते बरंच आहे. तू केव्हाही फोन कर, मी घरीच असतो, असंही सांगतो. हे वाक्य किती एकटं आहे ते तुझं तुलाच कळेल. मग 'मॅग्नोलिया', मग 'कपोटी'. 'हॅपिनेस' सध्या नको.


ऑन्टारिओकाठी

आणि सगळ्यात शेवटी 'अ मोस्ट वॉन्टेड मॅन' पाहा, २०१४ चा. हॅम्बुर्गमधला थकलेला जर्मन गुप्तहेर बाखमन. सारखी सिगारेट, चुरगळलेला कोट, चढताना लागणारी धाप. महिनोन्‌महिने जपून विणलेलं जाळं अमेरिकन लोक अखेरच्या मिनिटाला उधळून लावतात, त्याने ज्यांना शब्द दिला होता त्यांना डोळ्यांदेखत उचलून नेतात. तो रस्त्यात उभा राहून एकदा जिवाच्या आकांताने ओरडतो. मग गाडीत बसतो, थोडं अंतर जातो, गाडी थांबवतो आणि उतरून निघून जातो. कॅमेरा गाडीतच राहतो. पुढच्या काचेतून रस्ता दिसतो, शेजारची सीट रिकामी.